मऊ गवत लाटेला थोपवतं कसं?

काठावरचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.
रोज सकाळी तलावाच्या काठाने फिरायला जातो. एका बाजूला काठाला दगडी पिचिंग केलंय. वारा सुटला की लाट तिथे आपटते, उडते, मागे फिरते आणि मग येणारी नि परतणारी एकमेकींवर चढून पाणी नुसतं खवळलेलं असतं. तिथून पंधरा-वीस पावलांवर पाणकणसाचा दाट पट्टा आहे. तीच लाट, तोच वारा, पण पट्ट्यात शिरलेली लाट काठाला येईपर्यंत संपलेली असते. काल मुद्दाम उकिडवा बसून बघत होतो, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्यावर एक वाळकं पान पडलं होतं ते जागच्या जागी हलकंसं वरखाली होत होतं, बस.
दगड लाटेला परत पाठवतो हे समजलं. पण पाणकणसाची पात बोटाने वाकते, ती लाटेला अडवते कशी? आणि मुख्य म्हणजे लाटेची ताकद जाते कुठे?

निळाई
वाचतेय. छान प्रश्न.

भोवरा
काका, अडवत नाही हो, दमवते.
माझं शिक्षण याच विषयातलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. लाटेत पाणी पुढे जात नाही, जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जाते ती फक्त हालचाल. आता या फिरणाऱ्या पाण्याच्या वाटेत एक काडी उभी केली तर पाणी तिला वळसा घालतं आणि तिच्या मागे बारीक बारीक भोवरे सुटतात. त्या भोवऱ्यांतून आणखी बारीक भोवरे आणि शेवटी सगळी ऊर्जा पाण्याच्या आतल्या घर्षणात जिरते, म्हणजे खरं तर उष्णता होते, पण इतकी थोडी की थर्मामीटरला कळणारही नाही. एका काडीने काही होत नाही. पण तुमच्या पट्ट्यात चौरस मीटरमध्ये डझनावारी काड्या असणार, आणि प्रत्येक लाटेला प्रत्येक काडी दोनदा वसुली करते, पाणी जाताना एकदा आणि येताना एकदा.
अजून एक, काडीवर पडणारा जोर पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो आणि खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या घनाने. म्हणून मोठी लाट पट्ट्यात शिरली की पहिल्या काही मीटरमध्येच सगळ्यात जास्त मार खाते, पुढे जाईल तशी लहान होते आणि मग घट पण कमी कमी होत जाते. १९८४ मध्ये डॅलरिम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित मांडलं, झाडाची प्रत्येक दांडी म्हणजे एक ताठ नळकांडं समजून. आजही बहुतेक हिशोब तिथूनच सुरू होतात.

काठावरचा
दमवते! एका शब्दात समजलं. म्हणजे दगडावर आपटून लाटेची ताकद फक्त दिशा बदलते, आणि इथे खर्चच होते.

भोवरा
अगदी बरोबर. दगडी उतारावर थोडी फुटून पण जाते, पण उभी भिंत असेल तर बरीचशी परतच येते. म्हणून उभ्या भिंतीच्या पायथ्याशी तळ खरवडला जातो.

पाटकरी
दुसरी बाजू पण ऐका. माझं आयुष्य कालव्यावर गेलं. आम्हाला ही पाणवनस्पती म्हणजे डोकेदुखी. वरून गेट तेवढंच उघडायचं, पाणी तेवढंच सोडायचं आणि खाली टोकाच्या शेतकऱ्याला पोचायचं अर्धं. मधे कालवा काठोकाठ, कुठे भराव पाझरायला लागलेला. एकदा रात्री दोन वाजता भरावावरून पाणी जातंय म्हणून निरोप आला, गेलो तर खाली सगळा कालवा शेवाळाने आणि पाणगवताने भरलेला, बॅटरी मारली तर वरून पाणी दिसतच नव्हतं, हिरवी गादी दिसत होती. कमरेएवढ्या पाण्यात उतरून चौघांनी उजाडेपर्यंत कापलं. हाताला ते गवत असं लागतं की ओढलं तर तुटत नाही आणि सोडलं तर पायात गुंततं.
तेव्हा गवत पाणी अडवत नाही म्हणता, ते लाटेचं असेल. वाहत्या पाण्याला ते चांगलंच अडवतं.

शंकेखोर
पाटकरी, +१. इथे सगळे गवताचं कौतुक करायला बसलेत, पुराच्या वेळी नदीकाठच्या लोकांना विचारा.

भोवरा
पाटकरी काका, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि त्याला आकडापण आहे. रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये वाहत्या पाण्याचं सूत्र मांडलं, त्यात पात्राच्या खडबडीतपणाचा एक आकडा असतो. नेहमीच्या तक्त्यांत स्वच्छ सरळ नदीपात्राला तो साधारण ०.०३ धरतात आणि गच्च गवत माजलेल्या पात्राला ०.१० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच खोलीला आणि तेवढ्याच उताराला पाणी तिसऱ्या हिश्श्याहून कमी जाणार. आणि तुम्ही वरून तेवढंच पाणी सोडत राहिलात तर रुंद पात्रात खोली जवळजवळ दुप्पट होईपर्यंत पातळी चढणार. त्या रात्री तुमच्या भरावावर नेमकं हेच झालं.

पाटकरी
दुप्पट. हां, बरोबर आहे, आम्ही पट्टीवर बघायचो तेव्हा तसंच असायचं.

ओढ्याकाठी
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्या घरामागे ओढा आहे, उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं. पण जिथे पात्रात गवताचे झुपके आहेत तिथे पाणी तुंबून राहतं आणि मासे, बेडूक सगळे तिथेच टिकतात. एका वर्षी कुणीतरी हौसेने सगळं साफ केलं, आणि महिन्याभरात मधली डबकी कोरडी पडली. पाटकरी काकांना नको असलेली पातळी मला हवी होती!
इंग्लंडच्या दक्षिणेत खडूच्या दगडातून उगम पावणाऱ्या नद्या आहेत, तिथे पांढऱ्या फुलांची एक पाणवनस्पती पात्रभर पसरते आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं तरी पातळी तीच धरून ठेवते. तिथे ती कापायची पण असते पण ठरलेल्या वेळी आणि पट्ट्यापट्ट्याने, सरसकट नाही.

शंकेखोर
म्हणजे थोडक्यात गवत असावं की नसावं? एकच काय ते सांगा.

लव्हाळी
कुठे, केव्हा, कशासाठी हे विचारल्याशिवाय एकच कसं सांगणार दादा?
मला वेगळंच विचारायचंय. पुरात लव्हाळा वाकतो म्हणून वाचतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग वाकणारा असेल तर तो भोवरादादा म्हणतात तशी वसुली करणार कशी? वाकला म्हणजे वाटेतून बाजूला झाला ना?

भोवरा
लव्हाळीताई, हा या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.
हो, वाकला की वसुली कमी. दोन कारणांनी. एक म्हणजे पात आडवी झाली की पाण्यासमोर येणारा भाग कमी होतो आणि आकारही निमुळता होतो. दुसरं, पात पाण्याबरोबरच हलायला लागली तर तिच्यात आणि पाण्यात फरक उरत नाही, आणि भोवरा सुटतो तो फरकामुळे. नावेबरोबर त्याच वेगाने पोहणाऱ्याला नावेचा धक्का लागत नाही तसं. २००५ मध्ये बौमा आणि सहकाऱ्यांनी ताठ खारगवत आणि मऊ समुद्रगवत यांची तुलना केली तेव्हा ताठ पानांच्या वनस्पतीत लाटांची ऊर्जा साधारण तिप्पट जिरत होती. पण ताठपणाची किंमत असते. जो ताठ उभा राहतो त्याच्यावर जोर जास्त, तो मोडतो किंवा मुळासकट उपटतो. आणि ताठ झुपक्याच्या दोन्ही कुशींना पाणी जोरात वळतं आणि तिथली माती खणून काढतं.

ओढ्याकाठी
हे खरंय! झुपक्याच्या मागे गाळाची शेपटी आणि दोन्ही बाजूंना खड्डे, आमच्या ओढ्यात हुबेहूब असंच दिसतं. मागच्या गाळावर पुढच्या वर्षी नवीन कोंब येतात, म्हणजे झुपका स्वतःची जागा स्वतःच वाढवत खाली सरकतो. बाजूला मात्र वाढू शकत नाही कारण तिथे पाणी खणतंय.

निळाई
आता मला लिहायलाच हवं.
मी समुद्रात डुबकी मारते, समुद्रगवताच्या कुरणांवर खूप तास घालवलेत. वरून प्रवाह असतो तेव्हा गवतावरून हात पसरून तरंगत राहायचं. हात वर पाण्यात धरला तर ओढ चांगली लागते, तोच हात खाली पातींमध्ये खुपसला की ओढ एकदम गायब, जसं वाऱ्यातून दार लावून घरात आल्यावर होतं. वर ओढ, खाली शांत, आणि मधे चार बोटांची सीमा. त्या सीमेवर पातींची टोकं लयीत वाकतात. एक लहर लांबून येते, आपल्या खालून जाते, पुढे निघून जाते, मग दुसरी. अगदी वाऱ्यावर डोलणाऱ्या धान्याच्या शेतासारखी. पाण्याच्या पृष्ठभागावर तेव्हा लाट नसते तरी गवतात लाट असते! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी श्वास घ्यायला वर यायचं लांबवत राहिले होते.
याला काही नाव आहे का?

भोवरा
आहे आणि नाव फार सुंदर आहे: मोनामी. जपानीत ‘मो’ म्हणजे पाणवनस्पती आणि ‘नामी’ म्हणजे लाट. धान्याच्या शेतातल्या लहरींना ‘होनामी’ म्हणतात, त्यावरून अ‍ॅकरमन आणि ओकुबो यांनी १९९३ मध्ये हा शब्द आणला. वरचं पाणी वेगात आणि पातींमधलं पाणी संथ, या दोन थरांच्या सीमेवर रांगेने मोठे भोवरे तयार होतात आणि ते गवतावरून लोळत जातात. प्रत्येक भोवरा खाली दाबतो तेव्हा पाती वाकतात, गेला की उठतात. आणि हेच भोवरे वरचं ताजं पाणी आत आणि आतलं बाहेर करतात, म्हणजे गवताला हवं ते त्यातूनच मिळतं.

निळाई
मोनामी. धन्यवाद दादा. इतकी वर्षं पाहत आले, आज नाव कळलं.

लव्हाळी
अंगावर काटा आला वाचून.

खाजणवाला
धागा उशिरा पाहिला. खारफुटीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?
मी कांदळवनात काम करतो. भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी पाणी उसळत असतं आणि होडी घेऊन कांदळांच्या आत शिरलं की वल्ह्याचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात, एकात एक अडकलेली, माणूस चालू शकत नाही. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. म्हणून पाण्याची पातळी महत्त्वाची. कमी पाण्यात लाट मुळांत सापडते, जरा भरती चढली आणि मुळांच्या वर पण फांद्यांच्या खाली असलं पाणी तर लाट नुसत्या खोडांमधून सटकते, आणि अजून चढून पानाफांद्यांत पोचलं की परत जोर कमी.
आकडा द्यायचा तर व्हिएतनामच्या उत्तरेला टोंकिनच्या आखातात माझदा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिलेलं आहे: सहा वर्षं वयाच्या खारफुटीचा दीड किलोमीटरचा पट्टा, बाहेर १ मीटरची लाट, किनाऱ्याशी ५ सेंटिमीटर. झाडं नसती तर उथळ तळामुळे कमी होऊनही ती ७५ सेंटिमीटर राहिली असती. सहा वर्षांची झाडं म्हणजे अजून तरुणच हो.

शंकेखोर
खाजणवाला, आकडे चांगले आहेत पण यावरूनच लोक म्हणायला लागतात की खारफुटी त्सुनामी थांबवते. माझा आक्षेप तिथे आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या १८ वाड्यांचा अभ्यास २००५ मध्ये आला की झाडांमागच्या वाड्या वाचल्या. २००६ मध्ये दुसऱ्यांनी तेच आकडे परत तपासले तेव्हा मुख्य फरक जमिनीची उंची आणि समुद्रापासूनचं अंतर यांचा निघाला. उंचावरची आणि लांबची वाडी वाचली, श्रेय झाडांना गेलं. अशा विश्वासावर कुणी किनाऱ्याला घर बांधून निश्चिंत राहिलं तर जीव जाईल.

खाजणवाला
तुमचं म्हणणं पटतं. आम्ही गावकऱ्यांशी बोलताना हेच सांगतो की इशारा आला की पळायचं, झाडांच्या भरवशावर थांबायचं नाही. वाऱ्याच्या लाटा वेगळ्या, त्सुनामी वेगळी.

भोवरा
शंकेखोरांनी फार महत्त्वाचं लिहिलं. फरक लाटेच्या लांबीत आहे. वाऱ्याची लाट काही सेकंदांची. त्सुनामीचा एक हेलकावा दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो, म्हणजे ती लाट कमी आणि वाहतं पाणी जास्त, आत येतच राहतं. तिथे पाटकरी काकांचा कालव्याचा हिशोब लागतो, माझा लाटेचा नाही. झाडं वेग थोडा कमी करतात, पण पाणी भरतच राहतं, आणि झाडं मोडली तर ओंडके पाण्याबरोबर येतात. वादळात समुद्राची पातळी फुगते तिचंही तसंच, खारफुटीत ती किलोमीटरमागे काही सेंटिमीटर ते फार तर अर्धा मीटर उतरते. वर स्वार झालेल्या लाटा मात्र पहिल्या शंभर मीटरमध्येच १३ ते ६६ टक्के कमी झाल्याच्या नोंदी आहेत. एकाच झाडीची ही दोन कामं लोक एकात मिसळतात आणि वाद होतो.

निळाई
मग केल्प, म्हणजे समुद्रातलं ते महाकाय शेवाळ? ते तर इमारतीएवढं उंच वाढतं, त्याने लाट भरपूर कमी होत असेल ना?

भोवरा
सगळ्यांना तसंच वाटतं. दक्षिण कॅलिफोर्नियात केल्पच्या मोठ्या पट्ट्याच्या आत-बाहेर लाटा मोजल्या, १९९५ मध्ये निष्कर्ष आला, सांगण्यासारखा फरक नाही. लांबलचक मऊ दोर लाटेबरोबरच झुलतो, लव्हाळीताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे निसर्गानेच दिलंय.
उलट जर्मनीत हॅनोवरला सुमारे ३०० मीटर लांबीचा लाटांचा हौद आहे, तिथे खाऱ्या दलदलीची खरी जमीन गवतासकट कापून आणून ४० मीटरचा पट्टा बसवला आणि वर २ मीटर पाणी भरून वादळी लाटा सोडल्या. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चाळीस मीटरमध्ये लाट जास्तीत जास्त २० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. कमी वाटतं, पण लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गात असते, म्हणजे ऊर्जा ३६ टक्के गेली. त्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा वाटा गवताचा होता. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे मोठ्या लाटांनी गवत आडवं झालं, मोडलं, तरी खालची माती जागची हलली नाही.

ओढ्याकाठी
मुळं. शेवटी मुळंच धरून ठेवतात.

खाजणवाला
आणि गेलं तर काय होतं तेही पाहा. १९३० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर रोग पडून समुद्रगवत जवळजवळ संपलं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत रोगाने कमजोर झालेलं गवत १९३३ च्या वादळाने पुसून टाकलं. तळ उघडा पडला, गाळ उठत राहिला, पाणी गढूळ, गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही, मग गवत परत येणार कसं? सत्तर वर्षं तसंच. शेवटी १९९९ पासून हाताने बिया टाकायला सुरुवात केली, वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त, आता सुमारे ३,६०० हेक्टर कुरण आहे आणि पाणी निवळलंय. तिथल्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो.

पाटकरी
सात कोटी बिया. आम्ही उपटली तेवढी.

लव्हाळी
काका, तुम्ही कालव्यातली उपटली, ते बरोबरच होतं. शेतकऱ्याला पाणी पोचायला हवं.

पाटकरी
हो पण शेवटी शेवटी आम्ही पण बदललो. सगळं मुळासकट काढलं की काठ ढासळायचा, मग गाळ, मग पुन्हा गवत दुप्पट. नंतर मधला पट्टा तेवढा कापायचो आणि काठाचं गवत ठेवायचो. मधून पाणी पळायचं आणि काठ टिकायचा.

काठावरचा
मंडळी, आठवडाभर सगळं वाचत होतो आणि रोज तलावावर जाऊन बघत होतो, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.
दोन काठ्यांवर खडूने खुणा करून एक पट्ट्याच्या बाहेर रोवली आणि एक आत पाच पावलांवर. काल वारा चांगला होता. बाहेरच्या काठीवर पाणी वीतभर वरखाली होत होतं, आतल्या काठीवर दोन बोटं. त्याच्या आत अजून पाच पावलांवर बघितलं तर एक बोट. भोवरा, तुम्ही म्हणालात तसंच, पहिल्या पाच पावलांतच मोठी वसुली.
पण एक गोष्ट यापूर्वी कधी लक्षात आली नव्हती. पट्ट्याला मधे एक खिंडार आहे, होड्या काढायला कधीतरी कापलेलं, जेमतेम दोन होड्यांच्या रुंदीचं. त्याच्या बरोबर मागे काठ आत कापला गेलाय, माती उघडी, झाडाचं मूळ हवेत लोंबतंय. इतकी वर्षं मी ते गुरांचं काम समजत होतो. लाट खिंडारातून सरळ आत येते आणि आत आल्यावर पंख्यासारखी पसरते, काल तासभर उभं राहून पाहिलं. होड्या आता कोणी ठेवत नाही. तिथे पाणकणीस परत लावावं म्हणतो. लावू का आणि कसं?

शंकेखोर
लावा. हे मी म्हणतोय.

खाजणवाला
लावा पण उघड्यावर लावू नका, कोवळ्या रोपाला पहिल्या वर्षी स्वतःलाच आडोसा लागतो. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाशी खारफुटी लावायच्या आधी बांबू आणि फांद्यांची कुंपणं घालतात, पाणी आरपार जाऊ देणारी, लाट दमवणारी. मागे गाळ साठला की मग रोपं. तुम्ही पण खिंडाराच्या तोंडाशी वाळक्या फांद्यांचा जुडगा बांबूंना बांधून घ्या. मग बियांच्या मागे लागू नका, आजूबाजूच्या पट्ट्यातले कंद मातीच्या ढेकळासकट काढा, दोन्ही कडांपासून मधे यायचं, गुडघ्याच्या खालीच असेल अशा पाण्यात.

पाटकरी
पाणी उतरलेलं असतानाच लावा. पातळी चढायच्या आत कोंब पाण्याच्या वर यायला हवेत, बुडाले तर कुजतील. आणि जाताना लांब हातांचा विळा न्या, तलावाकडचा भाग माजला तर लागेल.

काठावरचा
फांद्या गोळा केल्यात, बांबू उद्या. पाणी सध्या घोट्याच्या वर चार बोटं आहे. कापलेल्या काठात आजच एक खुंटी ठोकून ठेवली, काठ आणखी किती आत येतोय ते कळायला. फोटो टाकतो.